शेजारच्या खुर्चीतला माणूस : वैमानिकांची संघटना सभासदासाठी नेमकं काय करते?

कॅप्टन_अनघा (धागाकर्ती)

दुसऱ्या एका धाग्यावर वैमानिकांच्या संपावरून चर्चा तापली होती. "एवढा पगार घेणाऱ्यांना संघटना हवीच कशाला?" असा बहुतेकांचा सूर होता. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला तर तो आवरेना, म्हणून हा वेगळा धागा. मी २१ वर्षं विमान चालवते आहे. त्यातली सहा वर्षं बेसवरच्या, म्हणजे ज्या विमानतळावरून आमची ड्युटी सुरू होते तिथल्या, वैमानिकांची निवडून आलेली प्रतिनिधी होते. कंपनीचं आणि संघटनेचं नाव लिहीत नाही.

आधी माझीच गोष्ट. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून माझं चौथं वर्ष होतं. सलग तिसऱ्या दिवशी पहाटेची ड्युटी, रोज तीनला उठायचं. उतरताना आम्ही उंच होतो आणि वेगही जास्त होता. ठरलेल्या उंचीपर्यंत सगळं जागेवर आलं नसेल तर लँडिंग सोडून पुन्हा वर जायचं, म्हणजे गो-अराउंड करायचा, हे प्रशिक्षणात हाडीमासी भिनवलेलं असतं. मी "स्पीड" असं एकदा म्हटलं. कॅप्टन म्हणाले, "हो, कमी होतोय." मी पुन्हा बोलले नाही. विमान उतरलं, प्रवाशांना काही जाणवलंही नाही. पण रेकॉर्डरमध्ये सगळं नोंदलेलं असतं. तिसऱ्या दिवशी मेल आला : तुम्हाला रोस्टरवरून (ड्युटीच्या वेळापत्रकातून) काढलं आहे, उद्या अकरा वाजता चीफ पायलटच्या ऑफिसात हजर राहा.

रात्री साडेदहाला संघटनेच्या प्रतिनिधीला फोन केला. तोवर मी त्यांच्याशी धड बोललेही नव्हते. ते म्हणाले, "आज कुणालाही काही लिहून पाठवू नकोस. स्वतःसाठी मात्र घडलं तसं, वेळेसकट, कागदावर उतरव. काही लपवू नकोस, स्वतःपासूनही नाही. उद्या साडेनऊला खाली भेटू."

खोलीत समोर चौघं होते, अलीकडे मी आणि आमचे प्रतिनिधी. त्यांच्या मांडीवर कंपनी आणि संघटनेतल्या कराराची प्रत होती, पानापानाला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांची. कुणी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "ही चौकशी सुरक्षेची आहे की शिस्तभंगाची? दोन्हीच्या फायली वेगळ्या असतात." समोर जरा चुळबुळ झाली. मग चीफ पायलट म्हणाले, सुरक्षेची. "मग तसं टिपणात लिहून घ्या, म्हणजे ती बोलेल."

त्या एका ओळीमुळे मी मोकळेपणाने बोलू शकले. एकदाच बोलले, तेही दबक्या आवाजात, आणि नंतर गप्प बसले हेसुद्धा सांगितलं. मला थकव्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या आधीच्या तीन दिवसांचं रोस्टर टेबलावर ठेवलं. तासाभरात ते चार वाक्यं बोलले असतील. माझी चूक नव्हती असं त्यांतल्या एकाही वाक्यात नव्हतं, कारण चूक होतीच. मला आणि कॅप्टनना सिम्युलेटरची दोन-दोन सत्रं मिळाली, त्यात जोरात आणि दुसऱ्यांदा बोलण्याचाच सराव होता. ते आजही मला उपयोगी पडतं.

प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे मला त्या खोलीत समजलं. संप वैमानिकाच्या आयुष्यात एखाद वेळी येतो, अनेकांच्या येतच नाही. रोस्टर, मेडिकल (वैद्यकीय तपासणी), सिम्युलेटरचा चेक, वरिष्ठांचं बोलावणं हे मात्र दर महिन्याला असतंच.

थोडा इतिहास सांगते, कारण पगारापेक्षा तास आणि जीव हेच मूळ दुखणं होतं. अमेरिकेत एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे आल्पा, १९३१ मध्ये सुरू झाली. डेव्हिड बेन्की तिचे पहिले अध्यक्ष. हवामान कसंही असो, टपाल घेऊन उडायचं, नाही म्हटलं तर नोकरी गेली, असा तो काळ. १९३४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळाने वैमानिकांच्या उड्डाणावर महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली आणि १९३८ च्या कायद्यात ती कायम झाली. 'वेळापत्रक पाळू, पण सुरक्षितपणे' या अर्थाचं ब्रीद आल्पा आजही वापरते. पुढे १९४८ मध्ये देशोदेशींच्या संघटना लंडनमध्ये एकत्र आल्या आणि इफाल्पा हा जागतिक महासंघ उभा राहिला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेत नियमांवर चर्चा होते तेव्हा वैमानिकांची बाजू तिथे हाच महासंघ मांडतो.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

परिमल_०७

छान लिहिलंय. पण स्पष्टच विचारतो. तुम्ही सांगितलेल्या प्रसंगात नियम मोडला गेला होता आणि संघटनेच्या माणसाने शिक्षा होऊ दिली नाही. प्रवासी म्हणून मला हे पांघरूण घालण्यासारखं वाटतं.

कॅप्टन_अनघा

परिमल, प्रश्न रास्त आहे. शिक्षेच्या भीतीने मी त्या दिवशी "सगळं नियमाप्रमाणेच वाटलं" एवढं म्हणून बाहेर पडले असते, तर कंपनीला काय कळलं असतं? वेग जास्त होता, एवढंच, आणि ते रेकॉर्डरने आधीच सांगितलं होतं. शेजारी बसलेली फर्स्ट ऑफिसर का गप्प राहिली, हे कुठल्याही यंत्रात नोंदलं जात नाही.

यासाठी बऱ्याच ठिकाणी पक्की व्यवस्था आहे. अमेरिकेत वैमानिक स्वतःची चूक स्वतःहून कळवतो. ते निवेदन तिघांच्या समितीपुढे जातं : एक सरकारी नियामकाचा, एक कंपनीचा, एक संघटनेचा. तिघांचं एकमत झालं पाहिजे. जाणूनबुजून केलेला बेदरकारपणा, दारू, अमली पदार्थ, खोटी माहिती यांना तिथे संरक्षण नाही. संघटनेचा माणूसही अशा प्रकरणात "हे इथे बसत नाही" म्हणतो, मीही म्हटलेलं आहे.

दुसरी गोष्ट उड्डाणाच्या डेटाची. प्रत्येक उड्डाणाचा डेटा तपासला जातो, पण चांगल्या करारात त्यावर वैमानिकाचं नाव नसतं. ते उघडण्याचा अधिकार एका ठरलेल्या व्यक्तीला असतो, तिला गेटकीपर म्हणतात, आणि अनेक कंपन्यांत ती संघटनेने नेमलेली असते. ती फोन करते : "त्या दिवशी काय झालं होतं रे?" वैमानिक तिच्याशी बोलतो, कारण ते बोलणं बढतीच्या फायलीत जाणार नसतं. माझ्या वेळी आमच्याकडे असा करार नव्हता, म्हणूनच मला थेट चीफ पायलटचा मेल आला. पुढे प्रतिनिधी असताना तो करार करून घेण्यात माझी अडीच वर्षं गेली. मी केलेल्या कामांपैकी मला सर्वांत जवळचं काम तेच.

सुलभा_दी

अनघाताई, माझी मुलगी मालवाहू विमानं चालवते. रात्रपाळ्या फार. तिच्याशी फोनवर बोलताना तिचा आवाज दमलेला वाटतो. विश्रांतीचे तास तर सरकार ठरवतं ना? मग संघटनेचा त्यात काय संबंध?

कॅप्टन_अनघा

सुलभाताई, तुमची काळजी समजते. सरकार किमान मर्यादा आखतं. ती कुठे आखायची यासाठी संघटना भांडते आणि त्या मर्यादेच्या वर आणखी काय मिळवायचं हे करारात ठरतं.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं, ५० माणसं गेली. कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरच्या क्रू-रूममध्ये काढली होती. फर्स्ट ऑफिसर देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती. अपघाताचं कारण हाताळणीतल्या चुकीत होतं, पण थकव्याचा प्रश्न त्यानंतर कुणालाच टाळता येईना. मृतांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, वैमानिक संघटनाही लढत होत्याच. जानेवारी २०१४ पासून तिथे नवे नियम आले : ड्युटीआधी दहा तास विश्रांती, त्यात सलग आठ तास झोपेची संधी, आणि ड्युटी किती लांब हे ती किती वाजता सुरू होते आणि त्यात किती उड्डाणं आहेत यावर, साधारण नऊ ते चौदा तास.

मात्र या नियमांतून मालवाहू कंपन्या वगळल्या. यूपीएस या मालवाहू कंपनीच्या वैमानिकांची स्वतंत्र संघटना याविरुद्ध कोर्टात गेली. ते चालू असतानाच ऑगस्ट २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला यूपीएसचं विमान पहाटेच्या अंधारात उतरताना कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. तपासात थकव्याचाही उल्लेख आला. तरी ती सूट तशीच राहिली. झोप काय सामानाबरोबर वेगळी आणि माणसांबरोबर वेगळी लागते? हे लिहिताना मला आजही राग येतो.

तुमच्या मुलीला एक विचारा : "मी थकले आहे, आज उडत नाही" असं कळवलं तर तिच्या कंपनीत काय होतं? कायदा हा हक्क देतो. पण त्या दिवसाचा पगार कापला जाणार असेल आणि मॅनेजर जाब विचारणार असेल, तर हक्क कागदावरच राहतो. पगार कापू नये आणि कारण संयुक्त समितीने तपासावं, हे करारात यावं लागतं.

कलमवाला

कामगार कायद्यात काम करतो, म्हणून थोडी भर. अमेरिकेत विमान कंपन्या १९३६ पासून रेल्वे कामगार कायद्याखाली येतात. त्यात करार संपत नाही, फक्त दुरुस्तीला खुला होतो. वाटाघाटी फिसकटल्या की सरकारी मध्यस्थ येतो. त्याने दोघांना मोकळं केल्यावर ३० दिवस थांबायचं आणि मगच संप. हे व्हायला वर्षं जातात. १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक मध्यरात्री संपावर गेले आणि काही मिनिटांतच राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हस्तक्षेप करून तो थांबवला.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. एकदा संघटनेला मान्यता मिळाली की ती त्या गटातल्या प्रत्येकाची प्रतिनिधी होते, वर्गणी न देणाऱ्याचीही. मग अल्पमतातल्याचं काय? १९४४ च्या स्टील खटल्यात गोऱ्यांची रेल्वे संघटना कृष्णवर्णीय फायरमनना (इंजिनाची भट्टी सांभाळणाऱ्यांना) डावलत होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार घेतलात तर सगळ्यांशी न्यायाने वागण्याचं कर्तव्यही आलं. १९९१ मध्ये आल्पाविरुद्ध ओनील खटल्यात हेच तत्त्व वाटाघाटींनाही लागू असल्याचं सांगितलं, पण मोजपट्टी सैल ठेवली : निर्णय मनमानी, पक्षपाती किंवा वाईट हेतूचा नसला की पुरे. नंतर तो चुकीचा ठरला, एवढ्यावर संघटना दोषी ठरत नाही.

डावी_सीट

मीही वैमानिक आहे, पण अनघाताईंइतका भारावलेला नाही. आमच्या दोन कंपन्या एकत्र झाल्या तेव्हा सिनिऑरिटीच्या यादीत मी एका रात्रीत चारशे जागा खाली गेलो. बाहेरच्या लोकांना याचा अर्थ कळायचा नाही. या यादीतल्या नंबरावर कॅप्टन कधी होणार, कुठलं विमान मिळणार, कोणत्या बेसवर राहणार, दिवाळीला घरी असणार की लेओव्हरवर (परगावी मुक्कामाला), हे सगळं ठरतं. दुसऱ्या कंपनीत गेलो तर पुन्हा शेवटचा नंबर, म्हणून जाताही येत नाही. आमच्या बाजूचे कमी होते, त्यांचे जास्त. मत घेतलं तर काय होणार? संघटना माझीही होती आणि त्यांचीही. ती नेमकी कुणाच्या शेजारी बसली?

कॅप्टन_अनघा

डावी_सीट, तुमच्या प्रश्नाला सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र झाल्या तेव्हाचं. दोन्हीकडे आल्पाच होती. यूएस एअरवेजचे वैमानिक संख्येने जास्त, जुने, पण त्यातले अनेक ले-ऑफवर, म्हणजे काम नाही म्हणून घरी बसवलेले. लवाद नेमला. २००७ मध्ये निकाल आला आणि ले-ऑफवरचे वैमानिक यादीच्या तळाशी गेले. दीड दशक नोकरी केलेला माणूस कालपरवा लागलेल्याच्या खाली. जुन्यांचा संताप झाला, त्यांनी बहुमताच्या जोरावर २००८ मध्ये आल्पालाच हटवून नवी संघटना आणली, लवादाचा निकाल अमलात येऊ नये म्हणून. दुसऱ्या बाजूचे कोर्टात गेले. एकाच कंपनीचे वैमानिक पुढे कित्येक वर्षं दोन वेगळ्या याद्यांवर उडत राहिले आणि कॉकपिटमध्ये एकमेकांशी चेकलिस्टपलीकडे बोलत नव्हते असे लोकही होते.

माझं मत असं की लवाद दोन्ही बाजूंनी आधी मान्य केला असेल तर निकाल पोटात घ्यायचा, दुखला तरी. बहुमताने तो फिरवला की संघटनेत फक्त डोकी मोजायची उरतात.

मी स्वतः अशा प्रसंगातून गेले आहे. महासाथीत विमानं जमिनीवर होती तेव्हा कंपनीने दोन पर्याय ठेवले : यादीच्या तळातले काढायचे, किंवा सगळ्यांनी तास आणि पगार कमी करून घ्यायचे. आमच्या बेसची सभा ऑनलाइन झाली, साडेचार तास. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेले एक कॅप्टन म्हणाले, "माझी शेवटची तीन वर्षं पेन्शन ठरवतात. माझ्याही घरात माणसं आहेत." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या खालच्याच चौकटीत एक मुलगी होती, लागून सात महिने झालेली, कॅमेरा चालू, एक शब्द बोलली नाही. आम्ही सगळ्यांनी कमी घेण्याचा पर्याय १४ मतांच्या फरकाने संमत केला. त्या कॅप्टननी पुढे माझ्याशी बोलणं सोडलं. वर्षभरानंतर त्यांचं मेडिकल अडकलं. तेव्हा लायसन्स गमावल्याच्या विम्याची कागदपत्रं मीच त्यांच्या घरी बसून भरली. ते तेव्हाही जेवढ्यास तेवढंच बोलले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, तेही माझे सभासद होते.

तुमच्या वेळी तुमच्या शेजारी कुणी बसलं नसेल, तर तुमचा राग खरा आहे.

डावी_सीट

उत्तराबद्दल आभार. आमच्याकडे लवाद नव्हता, थेट मतदान झालं. तुम्ही म्हणता तो फरक आज कळला.

परिमल_०७

मघाचं पटलं. पण संघटना कधी चुकतात की नाही?

कॅप्टन_अनघा

चुकतात ना. दोन वैमानिकांच्या कॉकपिटला आल्पाचा विरोध होता, तिसरा माणूस हवाच म्हणून. १९८१ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या गटाने दोघे पुरेसे असल्याचा निर्वाळा दिला आणि पुढच्या दशकांनी तो खरा ठरवला. आता दोनावरून एकावर आणायचं घाटत असताना आमचा विरोध आहे, तर समोरचे हेच उदाहरण तोंडावर फेकतात. मला दोन्ही प्रश्न सारखे वाटत नाहीत : दोघांतला एक बेशुद्ध पडला तर दुसरा असतो, एकट्याच्या बाबतीत तसं नाही. पण जुनी चूक आधी मान्य केली तरच हे कुणी ऐकून घेईल.

ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये तर संघटनेचा अंदाजच चुकला. २९.४७ टक्के पगारवाढीची मागणी, सरकारच्या वेतनधोरणाशी थेट टक्कर. वैमानिकांनी फक्त नऊ ते पाच उडायचं ठरवलं, कंपन्यांनी एकेकट्यावर दावे लावले, तेव्हा दीड हजारांहून जास्त वैमानिकांनी एकदम राजीनामे दिले. पंतप्रधान हॉक हटले नाहीत. हवाई दलाची विमानं प्रवासी नेऊ लागली, परदेशी वैमानिक आले, आणि राजीनामा दिलेल्यांतले कित्येक परत त्या खुर्चीत बसलेच नाहीत.

कधी सभासदच नेत्यांना चूक दाखवतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांपुढे करार आला तो त्यांनी ९४ टक्के मतांनी फेटाळला. पुढच्या वर्षी त्याहून बराच चांगला करार झाला.

सुलभा_दी

मुलीला विचारलं. थकवा कळवला तर पगार कापतात म्हणाली. तिच्या संघटनेच्या बैठकीत हा विषय काढणार आहे. आणखी एक, मनावर ताण आला तर हे लोक कुणाला सांगतात? लायसन्स जायची भीती असते ना?

कॅप्टन_अनघा

असते, फार असते. म्हणूनच सहकारी वैमानिकच ऐकून घेतात अशा गोपनीय व्यवस्था उभ्या राहिल्या. मार्च २०१५ मध्ये मानसिक आजार लपवलेल्या सहवैमानिकाने जर्मनविंग्सचं विमान मुद्दाम डोंगरावर आदळवलं; त्या दुर्घटनेत १५० जीव गेल्यानंतर युरोपात कंपन्यांना अशी व्यवस्था ठेवणं २०२१ पासून बंधनकारक झालं. अमेरिकेत दारूच्या व्यसनातून बाहेर काढून वैमानिकांना पुन्हा कॉकपिटमध्ये आणणारा हिम्स कार्यक्रम १९७४ पासून आहे, आल्पाच्या पुढाकारातून उभा राहिलेला. हजारो जण त्यातून परतले. मुलीला सांगा, असा नंबर तिच्याकडे असेल तर पहिला फोन तिथे करायचा.

नवा_कॅडेट

मी पुढच्या महिन्यात पहिल्या कंपनीत रुजू होतोय. प्रोबेशनमध्ये संघटनेत गेलं तर वरिष्ठांच्या डोळ्यांवर येईन असं बॅचमधले म्हणतात. काय करू?

कॅप्टन_अनघा

अभिनंदन! आधी करार मागून घे आणि प्रोबेशनचं कलम वाच. काही ठिकाणी त्या काळात चौकशीला प्रतिनिधी सोबत नेता येतो, काही ठिकाणी नाही. नाही असेल तर तुला सगळं जास्त जपून करावं लागेल. त्यानंतर स्टँडबाय (बोलावलं तर यायची तयारी ठेवण्याची ड्युटी), विश्रांती आणि ड्युटी कुठून कुठपर्यंत मोजतात ही तीन प्रकरणं वाच. बाकीचं पुढे गरजेप्रमाणे.

आपल्या बेसचा प्रतिनिधी कोण हे पहिल्याच आठवड्यात शोध आणि जाऊन भेट. नंबर फोनमध्ये भर. कधी काही घडलंच तर रिपोर्ट लिहायच्या आधी फोन कर, मात्र रिपोर्ट लिहायचं टाळू नकोस आणि त्यात खोटं लिहू नकोस. प्रतिनिधी खोटं लिहायला सांगत असेल तर दुसरा प्रतिनिधी शोध.

सभासद व्हायचं की नाही हे तुझं तू ठरव. पण सभेला येऊन बस. कराराच्या वाटाघाटी चालू नसतात तेव्हा दहा-बारा जणच येतात, नवीन माणूस लगेच दिसतो. मागे बसू नकोस.

नवा_कॅडेट

करार मागितला आहे. प्रतिनिधींचा नंबरही मिळाला, उद्या भेटतो.